ठिपका

पहाटे चार. टीज नदीच्या मुखाशी, पाइप खाडीत उतरतो
त्या काँक्रीटच्या हौदावर आम्ही दोघं :
डेरेक ऑर्ड, ज्याची नोकरी सात आठवड्यांत संपेल,
आणि मी, जिची सात आठवड्यांपूर्वी लागली.

मीटर सांगतोय ०.००
मध्यरात्रीपासून तेच, एकदाही पापणी न हलवता.
कंट्रोल रूममध्ये पडदा हिरवागार.
डेरेक वाऱ्यात नाक धरतो, हुंगतो,
म्हणतो, "इतकं शहाणं पाणी
एकतीस वर्षांत पाहिलं नाही मी."

सेन्सर उपसून वर काढला.
नखाएवढ्या पातळ पडद्यावर मिठाची साय,
सायीवर शेवाळाचा बुळबुळीत हात.
आत सगळा अंधार,
बाहेर आकडे आपले चालूच.

मग बाटली दोरीला बांधून खाली सोडली.
हे पाणी राखून ठेवता येत नाही.
बर्फाच्या पेटीत घालू, उद्या लॅबला देऊ, चालत नाही.
क्लोरीन कुणासाठी थांबत नाही,
उजेड लागला तरी सरतो.
जिथे भेटला तिथेच, उभ्या उभ्या,
बोटं बधिर झालेली असतानाच
त्याला काय ते विचारून घ्यायचं.

आणि तो क्लोरीन तरी कुठे उरलेला असतो!
खाऱ्या पाण्यात शिरला की ब्रोमाइडशी गाठ पडते,
काम तेच, मारायचं,
पण आता ब्रोमीन होऊन.
कागदावर मात्र नाव जुनंच.
"तुझ्या बिल्ल्यासारखं," डेरेक म्हणाला.
माझ्या छातीवर अजून
माझ्या आधीच्या बाईचं नाव आहे. गेनॉर.

गोळी चुरून टाकली.
नळीत एक गुलाबी ठिणगी,
आणि पापणी लवायच्या आत विझली.
पाणी पुन्हा नितळ, निरागस.
वहीत शून्य काढायला मी पेन टेकवलं.

डेरेकने पेनावर बोट ठेवलं.
"थोडं असलं तर गुलाबी होतं.
फार असलं की गुलाबीलाच खाऊन टाकतं."

एक भाग हौदातलं, नऊ भाग डिस्टिल्ड.
पुन्हा गोळी.
आता रंग आला आणि थांबला,
कोकमाचं आगळ पाण्यात सुटतं तसा,
तळापासून वरपर्यंत, सावकाश.
दहाने गुणलं.
आकडा मोठ्याने वाचायला गेले
तर घशातून नुसती हवा.

खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात आमच्याकडे.
कुठल्या मिठाला, ते कुणी सांगितलं नव्हतं.
दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला खात्यात पडतं त्या?
या पाइपातून धो धो जातं त्या?
की पलीकडे वाळूच्या दांड्यावर
ओल्या पोत्यांसारखे सील पसरलेत,
त्यांची पिल्लं पोहायला शिकतात त्या?

फोन लावला. पलीकडे जांभई.
मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग धावणारे बूट.
बायसल्फाइटचा पंप हवा धरून बसला होता,
टक् टक् करत, इमानेइतबारे,
थेंबही न देता.
व्हॉल्व्ह फिरला. पाणी राखीव टाकीकडे वळलं,
पाइप एकदा खाकरला आणि गप्प झाला.
इतक्या शांततेत मी तो समुद्र
पहिल्यांदाच ऐकत होते.

डेरेक थर्मासच्या झाकणात चहा ओततो.
शाबासकी वगैरे काही नाही.
"वेळ लिही," म्हणतो. "आकड्याआधी वेळ."

४.३७, मी लिहिते.
शेजारी मघाचा शाईचा ठिपका,
शून्य होता होता राहिलेला.
तो मी खोडत नाही.
त्याला लागूनच आकडा सुरू करते.