उणे सदुसष्ट

घरात काही उणं नाही, असं मी फोनवर सगळ्यांना सांगते.
शनिवारी तोच फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरले
तर जिथं तिथं उणंच:
जिन्याखाली, बुटांच्या शेजारी बसलेल्या राउटरपाशी उणे अडतीस,
स्वयंपाकघरात उणे एकसष्ट,
न्हाणीच्या आरशासमोर उणे बहात्तर,
माळ्यावरच्या खोलीत उणे शहाऐंशी,
मग नुसतं गरगरणारं चक्र.

या हिशेबात शून्याला कुणीच पोचत नाही.
जितकं कमी उणं तितकं बरं, एवढंच.
सदुसष्टपर्यंत माणसाचा आवाज अख्खा येतो,
पुढे शब्दांचे काने-मात्रे गळायला लागतात.

हॅलिफॅक्सच्या चढावरचं हे घर
कुठल्याशा गिरणीच्या मुकादमासाठी बांधलेलं.
हातभर जाडीच्या भिंती, धुरानं काळवंडलेला दगड.
थंडी अडवायला रचल्या; थंडी खुशाल आत येते,
अडतो तो सिग्नल.

आधी मी सोपी वाट धरली.
एका खोक्यात तीन डब्या, अंड्यांसारख्या पांढऱ्या.
पहिलीनं ऐकायचं, दुसरीला सांगायचं, दुसरीनं तिसरीला.
लग्नघरात निरोप कसा पोचतो हे ठाऊक असूनही घेतल्या.
ओटीवर म्हणावं नारळ आणा,
तर माजघरापर्यंत जाऊन त्याचा नवरा आणा होतो.
परत करताना दुकानातल्या पोरानं कारण विचारलं.
भिंत, म्हटलं.
त्यानं न बघताच लिहून घेतलं.

मग ओल्डरॉइड आला,
गुडघ्यांना पट्टे, कानामागे पेन्सिल.
मी निवडून ठेवलेला पाहिला त्यानं:
आठ शिंगांचा, उताण्या कोळ्यासारखा, सगळ्यांत महाग.
म्हणाला, एक ओरडणारा नको, लव्ह,
तीन हळू बोलणारे घे.
आणि हवेवर भरवसा ठेवू नकोस, तार ओढ.
कपाटात लपवायचे असतील तर घेऊच नकोस.
गरम पाण्याच्या टाकीपासून लांब ठेव,
पाणी सगळं पिऊन टाकतं.

तार बंद धुराड्यातून वर गेली.
खाली पडली बादलीभर काजळी,
कावळ्याच्या घरट्याच्या काड्या,
आणि एक कोळसा, कुणाच्या तरी हिवाळ्यातला उरलेला.
तो मी खिडकीत ठेवलाय, का ते विचारू नका.

तीन चकत्या, ताटलीएवढ्या, छताला चिकटवलेल्या.
मध्ये निळा ठिपका.
तरी माळ्यावर आवाज तुटकाच.
डोक्यावर चकती असताना
फोन खालच्या मजल्यालाच धरून बसलेला.
ओल्डरॉइड तोवर व्हॅनमध्ये;
त्यानं काच खाली करून सांगितलं,
खालच्याचा जोर कमी कर.
त्याचा आवाज पोचेनासा झाला की फोन आपोआप सोडेल.

स्क्रीनवर बोट ठेवून मी जरा थांबले.
मिरज सोडून चोवीस वर्षं झाली.
मग जोर कमी केला.
क्षणभर काहीच नव्हतं,
आणि मग उणे एकोणपन्नास.

रविवारी भालूदादाचा फोन.
आईच्या फ्लॅटचं, सहीचं, पुन्हा पहिल्यापासून.
सहा वर्षं मी या वाक्याशी आले की म्हणते
दादा, तुटतंय रे, नेट गेलं,
आणि सहातली निदान तीन वर्षं ते खरंही होतं.

सवयीनं म्हटलं, तुटतंय.

मला तर स्वच्छ येतंय, तो म्हणाला.

नंतर दोघंही गप्प.
त्याच्याकडचा पंखा ऐकू येत होता,
एक पातं दर फेरीला कशाला तरी घासत होतं.