शाळा सोडल्याचे कारण

जनरल रजिस्टरातला हा रकाना अरुंद आहे.
'वडिलांची बदली' त्यात बसतं,
'पुढील शिक्षणासाठी' जरा बारीक अक्षरात बसतं.
एकोणीस वर्षं मी हेच शब्द फिरवून लिहीत आलेय
गोखलेनगरच्या या शाळेत, पंख्याखालच्या टेबलावर.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नेंगनेइकिम आली.
अकरा वर्षांची. मागे भाऊ, तिच्या ओढणीचं टोक मुठीत.
इंफाळच्या पलीकडच्या डोंगरातून, गाड्या बदलत बदलत,
इथे पार्लरमध्ये कामाला असलेल्या मावशीकडे.
म्हटलं, दाखला?
"इस्कूल नहीं है."
म्हटलं, अगं, दाखला कुठे ठेवलास?
"दाखला नहीं. इस्कूल. इस्कूल नहीं है."
मग बोटं हलवत हात खालून वर नेला,
आग कशी चढते ते दाखवायला,
आणि लगेच पाठीमागे लपवला,
जणू तिनेच लावली होती.

रकान्यात काय लिहू?
पेन्सिलीनं एक रेघ मारून ठेवलीये.

माझे वडील नऊ वर्षांचे होते, पानशेत फुटलं तेव्हा.
एका वर्गात सात कुटुंबं, मध्ये धोतरांचे पडदे.
कुणा बाईनं त्यांना पिठलं वाढलं
आणि तिचं नाव विचारायचं राहून गेलं,
हे ते मरेपर्यंत सांगत.
पुढे याच गोखलेनगरात त्यांना छप्पर मिळालं.
आम्ही आसऱ्याला आलेल्यांचीच पोरं आहोत, विसरलोय इतकंच.

पण पाणी आडनाव विचारत नाही.
रात्री दारावर थाप मारून
आत कोणत्या जमातीचे आहात, असं पाणी म्हणत नाही.
या मुलांना विचारलं गेलंय.
दुसऱ्या बाजूच्या मुलांनाही.
श्रावणात सनातोंबी आली, खालच्या खोऱ्यातली.
दोघींना मी वेगवेगळ्या तुकड्यांत घातलं, भीतीनं, माझ्याच.
दोघींनी दाराजवळचा बाक मागितला.
मागच्या मैदानात ताशाचा सराव सुरू झाला
तेव्हा दोघी बाकाखाली गेल्या.

कळवळा नकोय मला. तो खूप येतो इथे, फोटो काढून जातो.
मला हवी आहे 'स्थानिक पालक' या ओळीवर एक सही.
मावशीचा अकरा महिन्यांचा करार संपतोय,
घरमालक वाढवत नाही, स्वयंपाकाला वास येतो म्हणे.
जसं काही आपल्या घरात कधी सुकट भाजलीच नाही.
आणि संध्याकाळी तासभर बसून मराठी शिकवणारं कुणी.
'ळ' तिला जमत नाही. तेव्हा हसते. तेवढंच हसते.

आणि तुम्ही, औंधला तीन खोल्यांत दोघंच राहणारे,
मुलाच्या करंडकांवरची धूळ रोज पुसणारे,
तो टोरांटोला उतरला तेव्हा बर्फ पडत होतं म्हणालात,
आणि कुणीतरी अनोळखी माणसानं चावी हातावर ठेवली.
तो तर कुणापासून पळाला नव्हता.

भाऊ अजून नाव सांगत नाही.
हजेरीला पहिलीच्या दारात उभी राहून
तीच त्याच्या वतीनं 'हजर' म्हणते,
मग स्वतःच्या वर्गाकडे धावते. तिथे तिला उशीर लागतो.
तो मी खोडते.

शनिवारी कार्यालय साडेअकरापर्यंत असतं.
बेल नाही. दार ढकललं की उघडतं.
पेन माझ्याकडे आहे.