मिटलेल्या डोळ्यांची प्रत

गेन्टमध्ये, मासळीबाजारामागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर राहायची गॉडेलीव्ह स्टेयार्ट.
मी तिच्याकडे शाई घोटायला होतो, वय चौदा.
दिव्यापुढे ती पाण्याने भरलेला काचेचा गोळा टांगायची,
त्यातून सगळा उजेड येऊन पडायचा
तळहाताएवढ्या बॉक्सवुडच्या ठोकळ्यावर.
बाकी खोली अंधारात. अंधारात मी, मांजर आणि एक खुर्ची.

त्या खुर्चीत तीन संध्याकाळी
ओडिलॉन व्हेरहासेल्ट येऊन बसला.
लिननच्या गिरणीतला जुना कारकून,
ज्याची पत्रकं बायका पावात लपवून न्यायच्या.
छापखाना कामगारांच्या युनियनला त्याचा चेहरा हवा होता,
त्याला तो द्यायचा नव्हता.
"आज माझं चित्र भिंतीवर लावाल,
उद्या त्यापुढे टोप्या काढाल,
परवा मी चुकलो तर सांगणार कोण?"
गॉडेलीव्ह म्हणाली, "हनुवटी जरा खाली."

बोलताना त्याच्या भुवया जागेवर राहत नसत.
पहिला दिवस वाया. दुसऱ्या दिवशी एक कान.
तिसऱ्या दिवशी, घरभाड्याबद्दलचं एक लांबलचक वाक्य
अर्ध्यात टाकून
तो झोपला, बसल्या बसल्या, तोंड किंचित उघडं.
तिने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं
आणि कोरणी उचलली.

लाकडावर सगळं उलटं असतं, हे मला तिथे कळलं.
कोराल तिथे उजेड, सोडाल तिथे रात्र.
वाळूच्या कातडी उशीवर ठोकळा फिरायचा,
कोरणी जागची हलायची नाही.
तिने गाल कोरला, जवसाच्या धाग्यासारख्या रेघांनी,
मिशी कोरली, कॉलरचं उसवलेलं टोक कोरलं.
दोन पापण्यांएवढं लाकूड मात्र जसंच्या तसं ठेवलं.
ती झोप.

पहिली प्रत चमच्याच्या पाठीने घासून काढली.
त्याची बायको ओक्टावी बघून म्हणाली,
"हा कोण? भांग उलटा, वण भलत्याच गालावर."
तो चष्मा पुसत म्हणाला,
"मी ओळखतो याला. रोज सकाळी याची दाढी करतो."

युनियनवाल्यांनी नाक मुरडलं.
झोपलेल्या माणसामागे कोण चालणार?
ठोकळा फडताळात गेला, पिवळ्या फडक्यात.

मग फेब्रुवारी. संपाचा नववा दिवस.
कालव्याच्या पुलावर घोड्यांवरचे पोलीस.
काय झालं ते मी पाहिलं नाही,
मला जवसाचं तेल आणायला पाठवलं होतं.
रात्री युनियनचे चौघे जिना चढून आले,
टोप्या हातात.
"सकाळपर्यंत हजार प्रती. डोळे उघडे."

ती बराच वेळ ठोकळा नुसती फिरवत बसली.
लाकडात मिटलेला डोळा उघडता येतो,
उघडलेला पुन्हा मिटता येत नाही,
गेलेलं लाकूड कुठून आणणार.
तिने मला विचारलं, मला,
"त्याच्या डोळ्यांचा रंग कुठला रे?"
छापायचं तर काळ्यातच होतं.
मला आठवेना. तिलाही नाही.
ओक्टावीला विचारायला त्या रात्री कोण जाणार?
मग दोन टोचे, मोहरीहून लहान.
फुंकर मारून तिने भुसा उडवला
आणि हात धुवायला गेली. खूप वेळ धूत होती.

सकाळी तो शहरभर होता,
दारांवर, ट्रामच्या खांबांवर, बेकरीच्या काचेवर,
टक लावून, जागा, थोडा रागावलेला.
तोंड तसंच किंचित उघडं.
लोक म्हणाले, बघा, अजून बोलतोय.

आधीची एक प्रत माझ्याकडे आहे.
कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा ठसा,
त्यापायी तेव्हा कानफटात खाल्ली होती.
कधी कोणी आलं तर काढून दाखवतो.
आवाज जरा हळू ठेवा, म्हणतो.