उजवीकडे, डावीकडे

अंबडच्या शेडमधला नऊ नंबरचा प्रेस
खाली आला तेव्हा
हिराबाई बेंडकुळेचा हात आत होता
आणि माझा बटणावर.
चौकशीत निघालं, सेन्सरच बंद होता.
कागदावर मी सुटले.
रात्री दोन चाळीसला मात्र
रोज माझंच बोट दाबायचं ते हिरवं बटण.

सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या.
भाऊ म्हणाला, पहाटे पळायला जा, विसरशील.
गोल्फ क्लबच्या मैदानावर पळाले महिनाभर.
विसरणंही पळत होतं,
पण उलट्या दिशेने.

कॅनडा कॉर्नरला, झेरॉक्सच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर बसतात गौतमी टिळे.
पहिल्या दिवशी दारात चपला काढल्या
आणि तासभर चपलांविषयीच बोलले,
पट्टा कसा तुटला, मेनरोडला कुठे शिवून मिळतो.
त्या म्हणाल्या, चालेल.
चौथ्या खेपेला म्हणाल्या,
नुसत्या बोलण्याने हे निघायचं नाही,
ते तुमच्या शब्दांत नाही, खांद्यात आहे.
खरंच की. उजवा खांदा
सात महिने कानाशी जाऊन बसलेला
आणि मी उशीला दोष देत होते.

मग डॉक्टर शिंपींची अर्धी गोळी, झोपेपुरती.
गुरुवारी नुसतं उभं राहणं:
फरशी किती गार, टाच कुठे टेकते,
श्वास घेतला त्याहून सावकाश सोडायचा.
(पैसे देऊन उभं राहायला शिकतेय
हे घरी सांगितलं नाही.)
पुढे कधीतरी सोमवारी टिळेबाईंचं बोट,
उजवीकडे, डावीकडे,
त्यामागे माझे डोळे, 
प्रेस येतोय, येतोय खाली,
आता काय दिसतंय?
बांगड्या. हिरव्या. दोन फुटलेल्या.
बरं. राहा तिथेच. माझ्या बोटाकडे बघा.

याला एक भारदस्त नाव आहे, एकात्मिक काहीतरी.
मी म्हटलं, मिसळ म्हणा ना सरळ.
त्या हसल्या. म्हणाल्या, मिसळच,
पण क्रम पाळायचा.
रस्सा आधी ओतून ठेवलात
तर फरसाणाचा लगदा होतो.
आधी झोप. मग पायाखालची जमीन.
ते बटण सगळ्यात शेवटी.

तरी एकदा चुकलाच क्रम.
शनिवारच्या गटात, सहा खुर्च्या, एक पंखा,
पोरगा पुरात गेलेले चव्हाणके बोलले
आणि माझ्या तोंडून सगळं एका दमात सांडलं,
रक्ताच्या रंगासकट.
पुढे पंधरा दिवस मला भाजी चिरता आली नाही.
घरात तोडून तोडून मेथी. मेथी. मेथी.
टिळेबाई म्हणाल्या, चूक माझी,
मी तुम्हाला थांबवायला हवं होतं.
या सगळ्या प्रकरणात
कुणी चूक कबूल केल्याचं
मी पहिल्यांदा ऐकलं.
गोळी पुन्हा अर्ध्याची पाऊण झाली.
पुन्हा फरशी. पुन्हा टाच.

मार्गशीर्षात हिराबाईकडे गेले.
जुन्या नाशकात, जिना अंधारा, कठड्याला दोर.
काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून नेलेलं.
ती ओट्याशी होती, लोणच्याची बरणी
बगलेत दाबून झाकणाशी झटत.
वळली. म्हणाली,
आलीस? धर ही.
मी धरली, दोन्ही हातांनी, घट्ट.
तिने डाव्या हाताने झाकण फिरवलं.
चिठ्ठी पर्समध्येच राहिली.
लोणचं जरा खारट होतं, तेही मी सांगितलं.

परतताना तांबट आळीत
कुणी घागरीला ठोके देत होतं.
खांदा वर गेला.
मला तो जाताना कळला, हे नवीन.
खाली आणला.
पुन्हा गेला.
पुन्हा आणला.
घागर अजून व्हायची होती,
ठोके पडतच राहिले,
आणि मी शालिमारपर्यंत
तशीच चालत गेले,
टाच, मग पंजा,
मग दुसरी टाच.