शीतलहर

रात्री नऊ चाळीसला आदेश फोनवर आला,
शिक्क्यासकट, तिरका,
फोटो काढणाऱ्याच्या अंगठ्याची सावली त्यावर:
नर्सरी ते आठवी, तीन दिवस सुट्टी.
खाली बारीक अक्षरांत, शिक्षक उपस्थित राहतील.
आमच्या वाटची थंडी नेहमी
बारीक अक्षरांतच येते.

सकाळी मुरारहून निघाले तर किल्ला नव्हता.
एवढा थोरला किल्ला, कुणी घडी घालून
ट्रंकेत ठेवावा तसा गायब.
स्टेशनातली बाई भोंग्यातून
एकेका गाडीची माफी मागत होती,
सहा तास, नऊ तास,
आणि माफी रस्त्यापर्यंत पोचताना दमट होत होती.

वारा धौलपूरच्या अंगाने येतो, त्याच्याही मागून,
जिथे वाळू रात्रीतून लोखंडासारखी गार पडते.
लहानपणी मला वाटे, वाळवंट म्हणजे ऊन.
पण तेही झोपेत कूस बदलतं,
आणि ती गार पाठ
नेमकी आमच्या ग्वाल्हेरकडे येते.

शाळेत आम्ही चौघं.
कुशवाह सर मफलर हनुवटीखालून बांधून
दाढ दुखत असल्यासारखे.
रामदुलारेने मागच्या खोलीतून मोडकं बाक ओढून आणलं.
"सरकारी मालमत्ता आहे ती," हेडमास्तर म्हणाले,
आणि पेटल्यावर सगळ्यांत आधी
त्यांनीच हात पुढे केले.

एका फळीवर कर्कटकाने कोरलं होतं:
आज छुट्टी हो जाए.
नाव नाही, वर्ष नाही.
खोल होतं, म्हणजे बरेच दिवस चाललं असणार,
गणिताच्या तासाला बहुधा, कदाचित माझ्याच.
ती फळी मी बाजूला ठेवली. का, ते सांगता येत नाही.

सव्वादहाला फाटकाची कडी वाजली.
दुसरीतली बैजंती,
दगडखाणीकडून चालत, पायांत भावाचे बूट.
घरात फोन एकच, तो बापासोबत खाणीवर.
दप्तरात पुस्तक होतं, थाळी होती,
चालताना थाळीच वाजत होती.

आज चूल पेटणार नाही, हे तिला कुणी सांगायचं
यावर आम्ही चौघं मोठी माणसं
काही वेळ शेकोटीकडे बघत राहिलो.
माझ्या पर्समध्ये मुरैन्याची गजक होती, तीन तुकडे.
तिने दोन घेतले,
एक बुटात ठेवला, भावाच्याच.

लाकूड संपत आलं तेव्हा
ती फळी रामदुलारेने उचलून टाकली.
मी नको म्हणाले नाही.
बैजंती वाकून वाचू लागली, बोट हवेत धरून,
नुकतं वाचायला येऊ लागलेलं मूल
जसं दुकानांच्या पाट्या सोडत नाही:
आ, ज.
छ ला उकार, छु...
"मॅडम, पुढचं जळलं."

पुढे काय होतं ते मला पाठ होतं.
मी तिला जवळ सरकायला सांगितलं, वाऱ्याकडे पाठ करून.

हजेरीपटावर आजच्या रकान्यात
मी सकाळीच लाल शाईने उभं लिहून टाकलं होतं,
शीत अवकाश,
वरपासून खालपर्यंत, सगळ्या नावांसमोरून.
तिच्या नावासमोर 'का' आला होता.
त्याच्या काखेत, निळ्या शाईने,
मी एक बारीक 'उ' बसवला.

जाताना तिने विचारलं, उद्या थाळी आणू का?
आदेशात तीन दिवस होते.
मी ते माझ्या बोटांवर मोजले,
मग तिच्या.
तिची बोटं अजून गरम होती.