लाईन गेली तेव्हा

अर्धी ज्वारी चाडीत, अर्धी डब्यात,
चक्कीचा पट्टा थरथरून थांबलेला.
दारव्ह्याकडंच बिघाड आहे, तास जाईल.

कवडू म्हणाला, माणूस येतेच कायले दुनियेत?
त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

पंचफुलाबाई डब्यावर बसूनच हसली :
मले तं तीन पिढ्यायचं आंघोळीचं पाणी तापवाले धाडलं.
एकदाबी निवू नाही देलं.

तलमले गुरुजी मोक्ष म्हणणार, तेवढ्यात शिंकले.
पिठानं भुवया पांढऱ्या.
मग म्हणाले, वजाबाकी. शेवटी शून्य आलं पाहिजे.

शून्यच पाहिजे होतं तं पाटी कायले भरली?
कवडूचा आवाज चढला.
परवाच अडाण नदीत
धाकट्या भावाची राख सोडून आला होता.

शब्बीर कुंच्यानं दगडाभोवतीचं पीठ
ज्याचं त्याच्या डब्यात लोटत होता.
कितीबी झाडा, म्हणाला,
आधीच्याचं मूठभर मागच्यात जातेच.

कवडू माझ्याकडे वळला. तू सांग.
मी तोंड उघडलं आणि लाईन आली.
काय बोललो ते मलाही ऐकू आलं नाही;
तो मात्र मान हलवत राहिला,
बराच वेळ.

रात्री माझ्या गव्हाच्या पोळीत
ज्वारी लागली.