खोळ

पहाटे सहाला टोर्केल माझ्यावर खोळ चढवतो,
सीटच्याच कापडाची, डोक्याच्या उशीसकट.
डोळ्यांपुरती जाळी. हात खाली, स्टिअरिंगच्या बुडाशी.
‘आता तू नाहीस,’ म्हणतो, आणि दार लावतो.

मग गोथेनबर्गच्या ओल्या रस्त्यांवर
कुणी नसलेली गाडी निघते,
म्हणजे मी निघतो.

काचेवर दिव्यांची पट्टी आहे.
स्थिर असली की : चालले आहे माझ्या वाटेनं.
कडांकडून मध्यावर मिटत आली : थांबते आहे.
मध्यापासून उमलत गेली : निघते हं.
एवढीच बाराखडी. लोकांना ती लागते का,
ते जाळीतून बघायचं.

नाही लागत. सगळे आधी काचेआड बघतात,
जिथं चेहरा असायला हवा तिथं.
नजर मला चाचपते, खुर्ची समजते,
रिकाम्या हातानं परत जाते.
एक सायकलवाला पाय टेकून उभाच राहिला :
गाडी म्हणे तू जा, तो म्हणे तू.
एक पोरगा मुद्दाम तीनदा आडवा आला,
तीनदा थांबलो, तसा कंटाळला.

आणि ती म्हातारी, चाकांचा वॉकर ढकलणारी.
पहिले दोन दिवस आम्ही दिसेनासे होईपर्यंत
बेकरीच्या दाराशी पाठ फिरवून उभी.
नवव्या दिवशी पट्टी मिटताना तिनं पाहिली,
सीटकडे बघितलंसुद्धा नाही,
आणि रस्त्याच्या मधोमध थांबून
दिव्यांना हात केला.
खोळीच्या आत माझाही हात उठला.
कापड हललं असेल जरासं.

पलीकडे टोर्केल फॉर्म घेऊन उभा :
भरवसा किती, एक ते सात?
‘सात लिही,’ इंगेयेर्ड म्हणाली.
‘माझा मुलगा येतो म्हणतो, येत नाही.
ही थांबते म्हणाली की थांबते.’

त्यानं सात लिहिलं.
ब्रेकवरचा पाय माझा होता,
हे त्या फॉर्मात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

संध्याकाळी घरी जाताना मी रस्ता ओलांडायला उभा.
एक गाडी थांबली. आत बाई, चांगली हसरी,
जा म्हणून हातानं खुणावत होती.
मी जागचा हललो नाही.
काचेवर कुठं काही मिटतंय का
ते शोधत राहिलो,
मागं ट्राम घंटा देत होती तरी.